बोटीची पाठ

माझी बायको म्हणते, मला धक्का बसायला फार काही लागत नाही, दुधाची पिशवी फुटली तरी पुरते. असेल. पण मुरबाडहून माळशेजकडे जाताना, वैशाखऱ्याच्या थोडं अलीकडे, भाताच्या कोरड्या खाचरात एक लालभडक स्पीडबोट नाक जमिनीत खुपसून आणि बूड आभाळाकडे करून उभी दिसली तर तुमचं काय होईल? मी मोटारसायकल कडेला घेतली, हेल्मेट काढलं, परत घातलं आणि पुन्हा काढलं. तिथून समुद्राला जायचं तर अख्खा जिल्हा ओलांडावा लागतो.

बोटीभोवती बांबूची परांची बांधलेली होती. परांचीच्या माथ्यावर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस उकिडवा बसून बोटीच्या बुडाला कान लावून काहीतरी ऐकत होता. मान न वळवता तो म्हणाला, "स्टोअर, गाडी बंद कर. आवाज ऐकू येत नाय मला."

तेव्हा कळलं की हे आमचे मिस्त्री.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरचा एक कारखाना होता. पाण्याच्या टाक्या, संडासाचे दरवाजे, बागेत ठेवायची बदकं आणि तोंड वासलेले कचरापेटीचे ससे, असला आमचा माल. मी शहापूरहून किन्हवलीमार्गे रोज तिथे जायचो आणि स्टोअर सांभाळायचो. मिस्त्री मोल्डिंगचे हेड होते. माणसांची नावं लक्षात ठेवण्यात त्यांना रस नव्हता. मी स्टोअर, गेटवरचा वॉचमन गेट, आणि मालकांना ते त्यांच्या तोंडावर 'ऑफिस' म्हणायचे. मालकांनीही कधी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

त्यांची खोड म्हणजे वाजवून बघणं. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, टाकीवर दोनदा टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. आतून भरीव असेल तर टणटणीत आवाज येतो, थर सुटले असतील किंवा पाणी शिरलं असेल तर भद्द येतो. हे टाक्यांपुरतं असतं तर ठीक होतं. ते टेबलं वाजवायचे, भिंती वाजवायचे, कलिंगडं तर वाजवायचेच. शहापूरला माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा गुरुजी मंत्र म्हणत असताना हे भिंतीच्या कडेकडेनं टकटक करत फिरले आणि माझ्या सासऱ्यांदेखत म्हणाले, "ह्या टाइलखाली पोकळ हाय, स्टोअर." सासरे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे ती टाइल पडली तेव्हाही नाही.

मुलीसाठी स्थळ बघायला गेले तिथेही त्यांनी चहा यायच्या आत दार वाजवून पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "वरून सागवान दिसतंय, आत भुसा हाय. जे दारालाच फसवतात ते पोरीला काय सांभाळतील?" स्थळ मोडलं. हे ऐकून मी तोंडात बोट घातलं होतं, पण काकी, म्हणजे त्यांची बायको, इतकंच म्हणाली, "मला बी आदी वाजवूनच घरात घेतली असंल यांनी."

"रंग खोटा बोलतो, आवाज नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं म्हणजे, "पानी आणि लाकूड एका घरात नांदत नाय." पाण्यावरून त्यांचं डोकं फिरायचं. एका नव्या सुपरवायझरनं चहाचा ओला ग्लास त्यांच्या लाकडी साच्यावर टेकवला. मिस्त्री उठले. त्यांनी सुपरवायझर बसला होता ती खुर्ची त्याच्यासकट उचलली आणि शेडच्या बाहेर उन्हात नेऊन ठेवली. त्या माणसाच्या हातातला कागदही खाली पडला नाही. 

तर रिटायर झाल्यावर खर्डीला एका बंगल्याची गळकी टाकी दुरुस्त करायला ते गेले होते. तिथे आंब्याखाली ही बोट पडलेली होती. पन्नास वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसानं शर्यतीसाठी घेतलेली असावी. अंगानं सडपातळ, नाक टोकदार, आणि लाल रंगात चमकी घातलेली, उन्हात डोळे दिपावेत अशी. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. बंगल्याच्या मालकाला ती अडगळ नको होती. मिस्त्रींनी कोंबड्या उठवल्या आणि बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घातली.

खर्डी ते वैशाखरे हा प्रवास तिनं भर दिवसा, शहापूरच्या बाजारातून केला. मी कामावर होतो; माझी आई गॅलरीत उभी होती. ट्रॉलीवर लाल बोट, बोटीत मिस्त्री आणि त्यांच्या पुढ्यात उरलेली एक कोंबडी. आईनं हात जोडले. लाल आणि चकचकीत काही वाजतगाजत चाललं की ती जोडतेच. संध्याकाळी तिनं मला कुठल्या तरी देवाची गाडी गेली एवढंच सांगितलं.

पुढे त्यांनीच मला त्या बोटीचं दुखणं दाखवलं. बाजू वाजवली, टण. पोट वाजवलं, टण. मग मागची उभी भिंत वाजवली, जिच्यावर इंजिन टांगतात ती. बोटवाल्यांच्या भाषेत ट्रान्सम, पण मिस्त्री तिला पाठ म्हणायचे. भद्द. ओल्या गादीवर बुक्की मारल्यासारखा आवाज. बाहेरून फायबर, आतून फायबर आणि मध्ये प्लायवूड, अशी ही पाठ. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं होतं. बाहेरची फायबरची कातडी त्यांनी पातेल्याच्या झाकणासारखी कापून काढली, तर आत लाकूड नव्हतंच. काळा, ओला, तंबाखूच्या चोथ्यासारखा लगदा होता. वरून चमकी आणि आतून हे. 

"ह्या पाठीवर इंजन टांगून कोन निघाला असता ना, तर इंजन गेला असता तळाला आणि बोट ऱ्हायली असती वर," ते म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

नाक जमिनीत खुपसण्याचं कारण असं की नवी फळी रेझिनच्या चिकट रसात बसवली की ती घट्ट दाबून धरावी लागते. त्यासाठी मोठाले शिकंजे लागतात, ते त्यांच्याकडे नव्हते. मग त्यांनी खाचराच्या टोकाला जेसीबीनं खड्डा काढून घेतला, तळाशी पेंढा भरला आणि दोरखंड लावून बोट नाकावर उभी केली. आता पाठ टेबलासारखी आडवी झाली. आतून बांबूचे टेकू दिले. वरून वजन ठेवायचं म्हणजे झालं. वजन गावात होतंच. लग्नाला भांडी गोळा करतात तसे घराघरांतून पाटे, जाती आणि भाताची पोती आली. माळशेजला निघालेली मुंबईची माणसं गाड्या थांबवून त्या पोतीवाल्या बोटीचे फोटो काढायची आणि विचारायची, "काका, ही इथे चालवणार कुठे?"

हा प्रश्न मीही विचारला होता. आमच्याकडच्या धरणात मोटारबोट घालायला कुणी देत नाही, नद्या निम्मं वर्ष दगडगोट्यांच्या असतात.

"मी कुटं बोललो चालवायची?"

"मग हा उपद्व्याप कशासाठी?"

मिस्त्रींनी पाठीवरून हात फिरवला. "जलमभर टाक्या केल्या रे. टाकीचा काम काय, पानी आत ठेवायचा. ही पानी भायेर ठेवते. एक तरी वस्तू अशी करीन, जिच्यात पानी शिरनार नाय. मग मी मोकला."

मला वाटलं, या माणसाला वेड लागलंय. आणि त्याच वेळी हेही वाटलं की स्टोअरमधून हजारो वस्तू बाहेर पाठवल्या, त्यातली एकही मला अशी कधी हवीशी वाटली नाही.

मोकळं होण्याची त्यांना घाई होती, कारण श्वास लागायला लागला होता. आयुष्यभर ग्राइंडरनं फायबर घासलं ते तोंडाला नुसता रुमाल बांधून. मी स्टोअरमधून मास्क दिले की ते मास्क रंग गाळायला वापरायचे. त्या उन्हाळ्यात फळी बसवून झाली, दुसऱ्या दिवशी पाटे-पोती उतरवली, आणि परांचीवरून खाली येताना ते मधल्याच बांबूवर बसून राहिले. बोलता येईना. त्यांच्या मुलानं कल्याणला इस्पितळात नेलं. निघताना त्यांनी काकीला सांगितलं, "माझ्या मागारी तिकडं ध्यान दे गो. पाठ उघडी पडलीय." वरचा फायबरचा थर आणि कडेची फट भरायची बाकी होती.

इस्पितळात मी भेटायला गेलो तर पेशंट खुशीत होता.

"स्टोअर, डाक्टर वाजवून बघतो," ते मला म्हणाले. "पाठीवर बोट ठेवून टकटक करतो आणि ऐकतो. पयला शाना मानूस भेटला. बोलला, उजव्या अंगाला खाली भद्द येतंय. पानी हाय."

मी हसू की रडू अशा अवस्थेत होतो. त्यांच्या छातीत पाणी झालं होतं, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, ते डॉक्टरच्या कानाचं. सुईनं पाणी काढलं. डॉक्टरनं मला आणि मुलाला बाजूला घेऊन बजावलं की औषधं तर चालतीलच, पण आता धूळ बंद. फुप्फुसं आधीच जून झालीत, पुन्हा ग्राइंडर धरला तर परत इथे आणायची वेळही मिळेल की नाही सांगता येत नाही.

घरी सोडलं त्या दिवशी भाड्याची गाडी करून मीच त्यांना आणलं. वाटेत ते बोटीचं फक्त कडेला पट्टी मारून वरचा थर द्यायचं राहिलंय, त्यात घासायचं काही नाही, एवढंच दोनदा म्हणाले. गाडी थांबली. शेजारच्या खाचरात रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून जमीन काळी झाली होती. परांचीवर काकी उभी होती, हंडा कमरेवर घेऊन.

मी आधी वर चढलो. नव्या फळीच्या चारही कडांना मातीचा बांध घातला होता. बांधाच्या आत ओली गोणपाटं अंथरली होती आणि त्यावर पाणी तुडुंब होतं. एक चिमणी त्यात अंघोळ करत होती. कोपऱ्यात हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल होतं.

त्याआधीच्या वर्षी शेजारीच मुलाच्या घराचा स्लॅब टाकला होता. स्लॅब टाकला की बांध घालतात, पाणी कोंडतात, उन्हाळ्यात तर गोणपाटं ओली ठेवतात, नाहीतर तडा जातो. हे गावातल्या लहान पोराला माहीत असतं. काकीनं तो स्लॅब स्वतः पाणी मारून पिकवला होता. ह्यांनीही काहीतरी ओतून बसवलंय, वरून पोती ठेवली होती, आणि जाताना ध्यान दे म्हणालेत. मग आणखी काय करायचं असतं? बोअर आटलं होतं म्हणून ती हातपंपावरून हंडे आणत होती आणि परांची चढून ओतत होती.

"एक दिस चुकवला नाय," ती मला म्हणाली. घामानं तिचं कपाळ निथळत होतं. "दुपारी ऊन लागतंय म्हनून दुपारी बी मारलं."

मिस्त्री हळूहळू, दर बांबूला थांबत वर आले. मी सुपरवायझरची खुर्ची आठवून एका बाजूला सरकलो. त्यांनी पाण्यात दोन बोटं बुडवली. गोणपाटाचं टोक उचललं. कडेच्या फटीतून पाणी खाली उतरलं होतं, फळी फुगून थर सुटले होते, ते मला वाजवल्याशिवाय दिसत होतं. त्यांनी वाजवलंच नाही. त्यांनी काकीच्या हाताकडे पाहिलं, हंड्याच्या काठानं तळवे सोलवटले होते.

"चांगला केलास गो," ते म्हणाले. "जा, चाय ठेव."

ती उतरली.  मी म्हणालो, "मिस्त्री, सगळं गेलं. तिला सांगा तरी."

"काय सांगू? का तू माजा काम बुडवलास?" त्यांनी चिमणी उडवली. "फली खराब निगाली असा सांगीन. दुकानदारानं फसवला. परत काडायची, परत बसवायची."

"परत काढायची म्हणजे घासावं लागेल. डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डाक्टरला फली कुटं बसवायचीय."

मला राग आला, खरं सांगतो. ओल्या ग्लासासाठी माणूस उन्हात नेऊन ठेवणाऱ्यानं हंडाभर पाण्यासाठी स्वतःचा जीव द्यायला निघावं, आणि तेही शांतपणे, हे मला झेपत नव्हतं. मी चहा न घेता निघालो.

पण मिस्त्रींनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. दुकानदारानं फसवलं असं काकीला सांगितलं, तर काकी गप्प बसणारी नव्हती. तिनं फुगलेल्या फळीचा एक तुकडा सुरीनं उचकटला, पिशवीत घातला आणि एसटीनं मुरबाडला दुकानात जाऊन उभी राहिली. आजारी माणसाला खराब माल देताना लाज वाटली नाही का, असं तिनं भर गिऱ्हाइकांत विचारलं. दुकानदारानं तुकडा हातात घेतला, पिळला. पाणी निघालं. तो एवढंच म्हणाला, "मावशी, फळी चांगली होती. हिच्यावर पाणी कोणी ओतलं?"

तिथून ती थेट कारखान्याच्या गेटवर आली. वॉचमननं मला बोलावलं. ती उन्हात उभी होती, पिशवी छातीशी धरून.

"तू त्या दिवशी चाय न घेता गेलास," ती म्हणाली. "तवाच मला काय तरी वाटला होता. आता खरा सांग. मी बिघडवली का?"

मी इकडंतिकडं पाहिलं. मग सांगितलं. फळीचं सांगितलं आणि डॉक्टरचंही सांगितलं, कारण मुलानं तिला 'आराम करा म्हणाले' एवढंच कळवलं होतं. ती रडेल, मिस्त्रींना शिव्या देईल, बोट पेटवून देईन म्हणेल, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. ती कंपाउंडच्या भिंतीला टेकली.

"मला बोलले, चांगला केलास," ती म्हणाली. आणि मग, "त्या धुलीला तोंडाला काय बांधायचा असतो? चांगला सांग, रुमाल नको."

मी तिला दुकान दाखवलं, चांगल्यातला मास्क आणि चष्मा घेऊन दिला. मनात म्हटलं, आता निदान मास्क लावून तरी घासतील.

पावसाआधी खड्ड्यातून बोट निघायला हवी होती, नाहीतर खड्डा भरला असता. काय झालं बघावं म्हणून मी एका रविवारी गेलो. लांबूनच ग्राइंडरचा आवाज आला. परांचीवर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी आकृती वाकून घासत होती. माझं डोकं तडकलं. मी खालूनच ओरडलो, "मिस्त्री, मरायचंय का तुम्हाला?"

"हिकडं हाय मी," असा आवाज मागून आला.

मिस्त्री बांधावरच्या आंब्याखाली, वारा येतो त्या बाजूला खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. वरच्या आकृतीनं ग्राइंडर बंद केला, मास्क खाली ओढला. मिस्त्रींचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, खाली कासोटा घातलेलं लुगडं, डोक्याला टॉवेल. काकी. मी खाली मातीतच बसलो.

"मला इचारलाच नाय तिनं," मिस्त्री म्हणाले. "मशीन घेतली आणि बोलली, तुमी बोलायचा, मी करायचा. पयल्या दिवशी शिव्या दिल्या मी. तिनं मशीन चालू केली. शिव्या ऐकू जाईनात."

तिनं सगळी कुजकी फळी काढली, आतली कातडी घासून साफ केली, नवी फळी कापली. रेझिन कालवायला मी मदत केली, आणि पाटे-पोती पुन्हा आली. या वेळी कडेची फट तिनं त्याच दिवशी भरली आणि वर फायबरचे थर दिले. मिस्त्री खालून सांगत राहिले, ती वरून 'कळला' म्हणत राहिली. खुर्ची त्यांनी एकदाच सोडली, ती काकीनं परांचीवरून नुसतं बघितल्यावर परत धरली.

शेवटची पुटं सुकली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ट्रॅक्टर आला होता, दोरखंड बांधून तयार होते. काकीनं हात पुसले आणि मधल्या बोटाचं पेर वाकवलं. मधोमध वाजवलं. टण. कडेला वाजवलं. टण. चारही कोपरे टण. खाली मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते, आणि मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं तसं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

काकी खाली उतरली. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुमी."

"मी काय?"

"फिरा तिकडं."

ते खुर्चीत फिरले. तिनं त्यांचा बनियन मानेपर्यंत वर केला. डॉक्टर करतो तसं एक बोट पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटानं तिनं टकटक केली, कान जवळ नेऊन. खांद्याखाली, मग खाली, मग आणखी खाली. डावीकडे झालं. उजवीकडे ती बरगड्यांशी आली आणि थांबली. तिथेच पुन्हा वाजवलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. मलाही ऐकू आलं.

"काय बोलतंय गो?" मिस्त्रींनी विचारलं.

तिनं बनियन खाली ओढला, नीट केला. "उद्या कल्यानला जायाचा," ती म्हणाली. "बोटीकडं मी ध्यान देईन."

ज्या माणसानं आयुष्यात एका डॉक्टरशिवाय दुसऱ्या कुणाच्या कानावर कधी भरवसा ठेवला नाही, तो आता परत वाजवून बघ म्हणेल, निदान वाद तरी घालेल म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"बरं," ते म्हणाले, आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला.